अणुऊर्जेचा खरा अडसर वेगळाच आहे
अणुऊर्जेला विरोध करणारा एक लेख वाचला. त्यात लेखकाने किरणोत्सर्गी कचऱ्याचा मुद्दा सगळ्यात वर ठेवलाय. मला तोच सगळ्यात कच्चा वाटतो. १००० मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र वर्षाला साधारण ३० लाख टन कोळसा जाळतं. तेवढ्याच क्षमतेच्या अणुभट्टीला २५-३० टन इंधन पुरतं. वापरलेलं इंधन घातक असतं हे खरंच, पण ते किती आहे, कुठे आहे याचा हिशेब तरी असतो. आधी पाण्याच्या कुंडात, मग काँक्रीट-पोलादाच्या पिंपांत. कोळशाचा धूर मात्र थेट फुप्फुसात जातो, आणि राखेतही युरेनियम-थोरियमचा अंश असतोच. त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही!

लेखात जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघाताचं उदाहरण दिलंय, ठीक. पण २०११च्या त्या भूकंपात चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. घात केला तो त्सुनामीने. डिझेल जनरेटर पाण्यात गेले आणि बंद भट्टीतही निर्माण होत राहणारी उष्णता काढून घ्यायला पंप चालेनात. जनरेटर उंचावर असते तर... असो.

खरा अडसर पैसा आणि वेळ. १९७४ नंतर धडाक्यात अणुभट्ट्या उभारणाऱ्या फ्रान्सलाच फ्लामानव्हिलच्या तिसऱ्या भट्टीने रडवलं. काम सुरू २००७ला, ग्रीडला जोडणी डिसेंबर २०२४ला. मधली १७ वर्षं वीज कुठून आणायची? बहुतेक ठिकाणी उत्तर कोळसा नाहीतर गॅस. जर्मनीने एप्रिल २०२३मध्ये शेवटच्या तीन चालत्या भट्ट्या बंद केल्या, ते म्हणूनच मला अजिबात पटत नाही. नव्या भट्ट्यांवर वाद घाला की खुशाल.