गाडी कंपनीची, मग बंपरचं बिल कुणाचं?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत), नंदेसरी, हालोलच्या फेऱ्या कंपनीच्या गाडीवर, पण स्वतंत्र कंत्राटावर मारणाऱ्या भावांनो, सही करण्याआधी ही एक ओळ शोधा: "गाडीच्या कोणत्याही नुकसानीस चालक जबाबदार राहील."

पगारी ड्रायव्हरचे पैसे कापायचे तर त्याचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो, आधी त्याचं म्हणणंही ऐकावं लागतं. कंत्राटवाल्याला हे कवच नाही. त्याच्यासाठी 1872 चा करार कायदा. कलम 151 सांगतं, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्या. ती घेतली आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर 152 प्रमाणे नुकसान तुमच्या माथी येत नाही. वरची ओळ म्हणजे नेमकं ते "वेगळं काही". तिच्याऐवजी लिहून घ्या: चालकाच्या हलगर्जीपणाने झालेलं, विम्यातून न मिळालेलं नुकसानच, आणि तेही जास्तीत जास्त अमुक रुपये. "दर ओरखड्याला 5,000" असं छापलेलं असलं, तरी कलम 74 खाली ती फक्त वरची मर्यादा. कोर्ट वाजवी तेवढंच देतं.

आता विमा. कमर्शियल गाडीच्या पॉलिसीत टायर, दिवे, बंपर, मडगार्ड, रंग हे सहसा बाहेरच असतात, जादा प्रीमियम भरून आयएमटी 23 नावाचं जोड-कव्हर घेतलं तरच आत येतात. मालकाने तो प्रीमियम वाचवला आणि बंपर तुमच्या खिशातून बसवला, ही चलाखी माझ्या मते सरळ लबाडी आहे. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) जाऊ नये म्हणून क्लेमच न करता ड्रायव्हरकडून वसुली, हा तिचाच भाऊ. म्हणून पॉलिसीची प्रत मागा, आणि नुकसान झालं की क्लेमचा आणि विम्याच्या सर्व्हेअरचा (नुकसान तपासणाऱ्याचा) कागद.

क्लच प्लेटवरून भांडण सर्वात जास्त. झीज विम्यात नसते आणि हलगर्जीपणाही नसतो. जुनी प्लेट बघायला मागा. रिव्हेटपर्यंत सारखी घासली असेल तर तिचं आयुष्य संपलं होतं. फ्लायव्हीलवर (प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या चकतीवर) निळसर डाग असतील तर ती तापली. पण हाफ क्लचने (पेडल अर्धवट दाबून चालवल्याने), की पेडलला फ्री प्लेच (सुरुवातीची मोकळी हालचाल) नव्हता म्हणून, हे विचारल्याशिवाय एक रुपयाही कबूल करू नका.

पावसाळ्याचं वेगळं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात घुसली, तसं पाणी आलं आणि गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनाचं वेगळं कव्हर नसेल तर विमा कंपनी हात वर करते, आणि तेव्हा बोट तुमच्याकडेच येतं. बॅटरीची वायर काढा, टो मागवा, "गाडी बंद, सेल्फ मारला नाही" एवढं मालकाला व्हॉट्सअॅपवर वेळेसकट टाका.

किल्ली हातात घेताना चारही कोपरे, चारही टायर, विंडशील्ड आणि चालू ओडोमीटर यांचे फोटो काढा. बंपरची खालची कड वाकून बघा, जुने ओरखडे तिथेच लपलेले असतात.