सुखापासून लांब राहायचे खात्रीशीर उपाय (सोलापूर स्पेशल)

हल्ली जो तो सांगत सुटलाय, वर्तमानात जगा, क्षण अनुभवा, श्वासाकडं लक्ष द्या. असल्या लोकांच्या नादी लागू नका. एकदा का समोरच्या गोष्टीत मन रमलं की माणूस उगाच खूश राहतो, आणि खूश माणूस कट्ट्यावर येऊन बोलणार काय? आपल्याकडं विषय दोनच, ऊन आणि पाणी, दोन्ही तक्रारीचे.

सगळ्यात जास्त धोका हुरड्याचा. थंडीत कुणीतरी मोहोळकडं नाहीतर मंगळवेढ्याकडं शेतावर बोलावतं, आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजतात, कुणीतरी चटके सोसत ती तळहातावर चोळतं, फुंकर मारून कोंडा उडवतं आणि हिरवे मऊ दाणे तुमच्यापुढं ओततं, सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. ही वस्तू लै डेंजर आहे, कारण दाणा कोवळा असतो तेवढेच थोडे दिवस तो हुरडा, नंतर नुसती ज्वारी, आणि भाजलेला पण गार झाला की चिवट. म्हणजे गरम असतानाच खाल्ला तर मजा. म्हणून गरम खायचाच नाय. आधी फोटो काढा, धूर नीट येत नाय म्हणून परत काढा, मग स्टेटस, मग ग्रुपवर टाका, मग कोणकोण जळलं ते बघत बसा, मधेच आठवा की उद्या सोमवार आहे, आणि मग दोन दाणे तोंडात टाकून म्हणा, "गेल्या वर्षीसारखी चव नाय बे." गेल्या वर्षी पण हेच म्हणाला होतात, पण ते आठवायचं नाय.

हे मी मनाचं सांगत नाय. 2010 साली हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांचा अभ्यास छापून आला, 2250 माणसांना फोनवरनं मधेच गाठून विचारलेलं की आत्ता काय करताय, मन कुठाय, कसं वाटतंय. 46.9 टक्के वेळा मन भलतीकडंच होतं आणि भलतीकडं असलं की माणूस कमी खूश. अगदी गोड विचारात असला तरी हातातल्या कामात असणाऱ्यापेक्षा जास्त खूश नव्हता. म्हणजे फॉर्म्युला तयारच आहे की! मनाला भटकायला गोवा पण चालतो, ईएमआय असला तर उत्तमच. आणि 46.9 म्हणजे काय हो, धड फर्स्ट क्लास पण नाय, आपण सात रस्त्याच्या सिग्नलला त्याच्या दुप्पट भटकून येतो.

उलट तो अमेरिकेतला जॉन कबाट-झिन, त्यानं 1979 मध्ये वर्तमानात राहायला शिकवणारा कोर्स काढला, त्यात एक बेदाणा हातात घेऊन बघायचा, वास घ्यायचा आणि हळूहळू चावायचा. एक! आपण मूठभर तोंडात टाकून विचारतो काजू कुठायत, हा बाणा सोडू नका.

गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, तर डबल सावध राहा. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, पांढरी बाराबंदी, नंदीध्वज, ही गर्दी, आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं की सगळीकडनं अक्षता पडतात, अंगावर काटाच येतो. तो यायच्या आत मोबाईल वर करा, स्क्रीनमधनं बघितलं की येत नाय. व्हिडिओत पुढच्याचं मनगट आणि त्याचा मोबाईल तेवढा दिसेल, तोच जपून ठेवा, स्टोरेज फुल होईपर्यंत.

एका ठिकाणी मात्र भलेभले फसतात. नळाला पाणी यायचं काही दिवसांआड, आणि पहाटे शेजारची मोटर ऐकू आली की माणूस एका सेकंदात वर्तमानात. ना ईएमआय आठवत ना साहेब, नुसता कान, पाईप आणि पिंप. पिंप काठोकाठ भरलं, घागरी भरल्या, कळशा भरल्या की छातीत जे गार गार वाटतं ना, तेच ते, तिथंच सांभाळायचं. लगेच गॅलरीत जा आणि शेजाऱ्याला ओरडून सांगा, "प्रेशरच नव्हतं ओ आज!"