इतर, कृपया नमूद करा

गेल्या गुरुवारपासून एका बँकेच्या दफ्तरी मी गृहिणी आहे. गृहिणी असण्यात कमीपणा काहीच नाही. पण बिनपगारी गृहिणीला पुनावळ्यातल्या टू बीएचकेसाठी कर्ज मिळत नाही, एवढीच अडचण.

कर्ज देण्याआधी बँकेचा माणूस घरी येऊन जातो. आपण खरंच तिथे राहतो का, काय करतो, शेजारी ओळखतात का, वगैरे. तसा एक पोरगेला मुलगा टॅब घेऊन आला, आणि नेमकी मी मीटिंगमध्ये. कानात हेडफोन. बटणावर 'पुढे' लिहायचं की 'पुढे जा', यावर अख्खी टीम हमरीतुमरीवर आलेली. बेल मला ऐकूच आली नाही. समोरच्या काकांना मात्र आली.

काका पाटबंधारे खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त कागदोपत्री. मजल्यावर येणारा कुरिअरवालासुद्धा त्यांच्याकडे जबाब नोंदवल्याशिवाय पुढे सरकत नाही. मी बाहेर आले तेव्हा पंचनामा रंगात आला होता.

"घरीच असतात हो. दिवसभर," काका सांगत होते. "अधूनमधून एकट्याच मोठमोठ्यानं बोलतात. बाकी स्वभावाला चांगल्या आहेत."

"मी नोकरी करते," मी दारातूनच ओरडले.

"कशात, मॅडम?"

"कंटेंट डिझायनर आहे. यूएक्स रायटिंग करते."

म्हणजे ॲप-वेबसाइटच्या स्क्रीनवर दिसणारे शब्द मी लिहिते. त्यानं टॅबवर 'नोकरी' निवडलं. पदांची यादी उघडली. इंजिनिअर होता, शिक्षक होता, ड्रायव्हर होता. मी नव्हते. मग 'इतर, कृपया नमूद करा'. त्यानं बिचाऱ्यानं मनापासून नमूद केलं, आणि खाली लाल अक्षरांत उमटलं: 'अवैध नोंद'.

बस्स, एवढंच. अक्षरं जास्त झाली, की मधली मोकळी जागा चालत नाही, की देवनागरीच वर्ज्य आहे, काही पत्ता नाही. काय चुकलं ते सांगावं, आता काय करायचं ते सांगावं आणि समोरच्याला गुन्हेगार ठरवू नये, ही आमच्या धंद्याची बाराखडी. ती मी त्या मुलाला जिन्यातच ऐकवली.

"मॅडम, मी फक्त भरतो," तो म्हणाला.

"असलं काही स्क्रीनवर येऊ नये, यासाठीच तर मला पगार मिळतो!"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून टॅबमध्ये डोकं घातलं. "म्हणजे हा लाल रंग तू देतेस?"

"नाही काका. त्यातले शब्द."

"दोनच तर आहेत."

"हो. तेच."

"आणि त्याचा महिन्याच्या महिन्याला पगार?" काकांनी त्या मुलाकडे साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं. "अगं, पुण्यात हे काम लोक स्वतःच्या खर्चानं करतात. दारावर पाटी लावून."

मग मी ठेवणीतली गोष्ट काढली. जॅरेड स्पूल नावाच्या अमेरिकन तज्ज्ञानं २००९ मध्ये ती लिहिली. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याआधी लोकांना 'नोंदणी करा' असं बटण दिसायचं. माणसं वैतागून भरलेली टोपली तिथेच टाकून निघून जायची. ते काढून 'पुढे चला' अशा अर्थाचं बटण ठेवलं आणि शेजारी लिहिलं, की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्याच वर्षी दुकानाला ३० कोटी डॉलरची जादा कमाई!

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "त्यातले लिहिणाऱ्याला किती मिळाले?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तेव्हापासून रोज पडतो.

मी दुसरा पत्ता टाकला. कंटेंट डिझाइन हे नाव रूढ केलं ते सारा रिचर्ड्स यांनी, ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर काम करताना. 'सरकार' ऐकताच काका सावरून उभे राहिले.

"ब्रिटिशांचं का? मग पक्कं असणार. खडकवासल्याचं धरण त्यांचंच."

"ते १९६१ ला फुटलं, काका."

"ते पानशेत फुटलं म्हणून!" काका असे कडाडले, की वरच्या मजल्याचं दार उघडलं. पुढची दहा मिनिटं १२ जुलैचा पूर आमच्या जिन्यातून वाहत होता. मुठेचं पाणी कुठवर चढलं, कोणते पूल बुडाले, खात्याला उगाच किती बोल लागला. त्या मुलानं तेवढ्यात आपला फॉर्म उरकला. 'गृहिणी' निवडलं की पदनाम विचारतच नाही, थेट पुढचं पान उघडतं, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. त्याला तरी काय बोलणार? फॉर्म अडला की माणूस खरं सांगत बसत नाही, जिथून वाट मिळते तिथून निघतो.

"मॅडम, मिस्टर काय करतात?" त्यानं जाता जाता विचारलं. मिस्टरांचं पद यादीत होतं. सगळ्यांच्याच मिस्टरांचं असतं.

राग त्या मुलाचा नाही. ऑफिसात तरी वेगळं काय आहे? सगळे स्क्रीन तयार झाले की शुक्रवारी संध्याकाळी निरोप येतो, "जरा टेक्स्ट बघून घे." तोवर डिझायनरनं माझ्या जागेवर 'लोरेम इप्सम' भरलेलं असतं. ते म्हणजे खरा मजकूर येईपर्यंत जागा अडवायला ठेवलेला, सिसरो या रोमन लेखकाच्या इसवी सनपूर्व ४५ मधल्या लॅटिन ग्रंथाचा मोडतोड केलेला तुकडा. दोन हजार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला यांनी टीममध्ये घेतलं, तेही माझ्याआधी! वर त्याच्या मापाच्या चौकटीत मी मराठी कोंबायची, वेलांट्यांचे शेंडे कापले गेले की "शब्द बदलता येईल का?" चौकट बदलायची नाही, ती डिझाइन आहे. हल्ली तर मॅनेजर एआयकडून मजकूर लिहून घेतात आणि मला म्हणतात, फक्त हात फिरव. हात फिरवण्याच्या कामाला यादीत पद कुठून असणार!

काल बँकेचा मेसेज आला: 'आपला अर्ज प्रलंबित आहे. कारण: इतर.'

संतापानं तो मी काकांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला.

"हे बघ," ते म्हणाले, "किती थोडक्यात! असं लिहायला शीक."