'सगळी चूक सेइताचीच' म्हणणाऱ्यांनी हा सिनेमा परत एकदा बघा

कुणाला 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज' हा जपानी ॲनिमेशन सिनेमा बघ म्हणून सांगितलं की हल्ली एक ठरलेलं उत्तर येतं, आणि ते इतकं शेअर झालंय की सिनेमा न बघितलेले लोकसुद्धा ते पाठ असल्यासारखं म्हणून दाखवतात. साधारण असं: मास्टरपीस वगैरे काही नाही, शेवटी कार्टूनच, खरी माणसं घेऊन केला असता तर जास्त भिडला असता. दोन अनाथ पोरं दाखवली की लोक रडणारच, त्यात काय मोठं. तो मुलगा, सेइता, इतका हट्टी की बहीण त्याच्यामुळेच मेली, मावशी बरोबरच बोलत होती. जपानने एवढे अत्याचार केले आणि इथे जपानच बिचारा. आणि एकदा बघितला की परत बघवत नाही, मग कसला मास्टरपीस.

मी हा सिनेमा तीनदा बघितलाय आणि मला यातला एकेक मुद्दा घ्यायचाय, कारण त्यातला एक ऐकला की मला खरंच वाईट वाटतं. शेवट काय होतो हे बोलण्यात येणारच, पण तो काही लपवलेला नाहीये, पहिल्याच वाक्यात सेइताचा आवाज सांगतो की 21 सप्टेंबर 1945 च्या रात्री मी मेलो. कोबे शहरातल्या सान्नोमिया स्टेशनवर खांबाला टेकून एक पोरगा बसलाय, लोक त्याला वळसा घालून जातायत, आणि मग मागे जाऊन गोष्ट सुरू होते. सेइता 14 वर्षांचा, सेत्सुको 4 वर्षांची. अमेरिकन बॉम्बहल्ल्यात घर जळतं, आई भाजून मरते, वडील नौदलात, त्यांचा पत्ता नाही. नात्यातल्या एका बाईकडे (आपण मावशी म्हणू) राहायला जातात, तिथे पटत नाही म्हणून बाहेर पडतात आणि तळ्याकाठी डोंगरात खोदलेल्या एका निवाऱ्यात दोघंच राहायला लागतात. एवढीच गोष्ट, 89 मिनिटांची.

आता कार्टूनचं. हा सिनेमा जिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओचा, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, आणि 16 एप्रिल 1988 ला तो 'माय नेबर टोटोरो'च्या जोडीने एकाच खेळात दाखवला गेला. म्हणजे त्याच थेटरात त्याच दिवशी एक सिनेमा लहान मुलांसोबत हसत बघायचा आणि दुसरा हा, ज्या लोकांनी हे केलं त्यांच्या डोक्यात 'ॲनिमेशन म्हणजे पोरांचं' असं काही नव्हतंच. आणि खऱ्या माणसांचं म्हणाल तर तेही करून झालंय, 2005 मधे जपानी टीव्हीवर आणि 2008 मधे मोठ्या पडद्यावर. लोक आजही बोलतात ते 1988 च्याच सिनेमाबद्दल.

का बोलतात ते सेत्सुकोकडे नीट बघितलं की कळतं. चार वर्षांच्या खऱ्या मुलीला तुम्ही आठवडेच्या आठवडे उपाशी ठेवून शूट करू शकत नाही, करूही नये, म्हणजे पडद्यावर येणार ती मेकअप केलेली, चांगली खाऊनपिऊन असलेली मुलगी, आणि बघणाऱ्याच्या मनात कुठेतरी ते राहतंच. चित्रात ती खरोखर सुकत जाते. आधी नुसती कमी पळते, मग अंगावर पुरळ येतं, खाजवत राहते, मग सारखी आडवी पडलेली, डोळ्यातली चमक जाते आणि नजर कुठेच थांबत नाही. तिचा आवाज एका पाच वर्षांच्या मुलीचा आहे आणि तो आधी रेकॉर्ड करून मग त्यावर चित्रं काढलीत, म्हणून तिचं अडखळणं, श्वास घेऊन परत वाक्य सुरू करणं हे मोठ्या बाईने लहान आवाज काढल्यासारखं वाटत नाही. आणखी एक, आकृत्यांच्या कडा नेहमीसारख्या काळ्या रेषेने नाहीत, बऱ्याच ठिकाणी तपकिरी आहेत, त्यामुळे माणसं मागच्या चित्रावर चिकटवल्यासारखी दिसत नाहीत, त्याच मातीतली वाटतात. हे लक्षात यायला मला दुसरी खेप लागली.

'नुसतं रडवायला केलाय' हा आरोप मला सगळ्यात कमी समजतो. रडवायचं असतं तर सेत्सुकोच्या मरणाचा सीन केवढा मोठा केला असता, भाऊ तिला छातीशी धरून ओरडतोय, मागे व्हायोलिन. तसलं काहीही नाही. सेइता तिला कलिंगडाची फोड देतो, भात शिजवायला वळतो, आणि त्याचा आवाज एवढंच सांगतो की त्यानंतर सेत्सुको उठलीच नाही. बस. पुढच्या सीनमधे एक माणूस त्याला कोळसा देतोय आणि प्रेत नीट जळायला काय काय रचायचं ते सांगतोय, रोजचंच काम असल्यासारखं.

माझ्यासाठी यापेक्षाही मोठा सीन बराच आधी येतो. आईला डोक्यापासून बँडेजमधे गुंडाळलेलं सेइताने बघितलंय, सेत्सुकोला काही सांगितलेलं नाही. ती शाळेच्या मैदानात उकिडवी बसून आईकडे जायचंय म्हणून रडतेय. सेइताला तिला जवळ घेता येत नाही, काय बोलावं सुचत नाही, तो जाऊन समोरच्या आडव्या बारवर लटकतो आणि गोल गोल फिरायला लागतो, बघ दादाला कसं येतं अशा थाटात. कॅमेरा लांब, मोकळं मैदान, एक पोरगा बारवर फिरतोय आणि एक पोरगी मान खाली घालून रडतेय. हे ज्याने लिहिलं आणि काढलं त्याला चौदा वर्षांच्या मुलाला दुःख झालं की तो काय करतो हे माहिती होतं. रडवायचा फॉर्म्युला असा नसतो.

आता मुख्य मुद्दा, ज्याचं मला वाईट वाटतं. सेइतामुळेच बहीण मेली, मावशी बरोबर होती.

आधी सरळ कबूल करतो की सेइता चुकतो. मावशी म्हणते घरात बसून राहू नको, काहीतरी काम कर, तो करत नाही. ती टोचून बोलते म्हणून तो वेगळी चूल मांडतो, मग घरच सोडतो. बँकेत आईचे सात हजार येन आहेत आणि तरी बहीण उपाशी. शेतकरी त्याला स्पष्ट सांगतो की आता सगळं रेशनवर आहे, शेजारगटात (शेजारच्या घरांचा मिळून केलेला गट) नाव नसेल तर जगता येणार नाही, मावशीची माफी माग आणि परत जा. तो जात नाही. हे सगळं सिनेमातच आहे! कुणी हुशारीने शोधून काढलेली चूक नाहीये ही, दिग्दर्शकाने आपल्यासमोर मुद्दाम मांडून ठेवलीय. आणि लोक ती सिनेमाची चूक असल्यासारखी परत त्याच्याच अंगावर टाकतात.

मुळात ही गोष्ट लिहिली कुणी? अकियुकी नोसाका, 1967 मधे. युद्ध संपत आलं तेव्हा तो स्वतः 14 वर्षांचा होता आणि त्याची धाकटी बहीण, दोन वर्षांचीही नव्हती, त्याच्याकडे असताना कुपोषणाने गेली. तो सेइतासारखा नव्हता, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय, भुकेपुढे तिच्या वाट्याचंही आपण खाल्लं, तिला मारलंही, आणि गोष्टीतला भाऊ आपल्यापेक्षा कितीतरी चांगला केला. म्हणजे 'बहीण तुझ्यामुळे मेली' हे सेइताला ऐकवणारे लोक जे बोलतात ते त्या लेखकाने आधीच स्वतःला ऐकवलेलं होतं, रोज, वीस-बावीस वर्षं, आणि मग लिहिलं.

ताकाहातानेही ते तसंच ठेवलं. सिनेमाभर लाल उजेडातला एक दुसरा सेइता आहे बघा, मेलेला, जो हे सगळं परत बघतोय. आईचे किमोनो मावशी तांदळाच्या बदल्यात द्यायला काढते तेव्हा सेत्सुको आक्रोश करते, आणि तो भुताचा सेइता कोपऱ्यात दोन्ही कानांवर हात दाबून उभा असतो. त्याला माहितीये. आपण निकाल द्यायच्या आधीपासून तो त्या आठवणींमधे अडकून पडलाय आणि परत परत तेच बघतोय, याहून मोठी शिक्षा आपण कोण देणार?

मावशीबद्दलही सिनेमा प्रामाणिक आहे. ती राक्षसीण नाही, ती त्यांना धक्के मारून काढत नाही, टंचाईच्या काळात तिच्या घरात खाणारी तोंडं वाढलीत. पण पेज वाढताना तिच्या हातातला डाव बघा. या दोघांच्या वाटीत वरवरचं पाणी, आणि स्वतःच्या मुलीला तळातली दाट शितं. तेही त्यांच्याच आईच्या किमोनोंचे तांदूळ. त्या एका डावात सगळं आलं. ती बोलते ते शब्द बरोबर असतील, पण बरोबर बोलून एका चार वर्षांच्या मुलीला हळूहळू घराबाहेर काढता येतं, हे दाखवलंय तिथे. आणि ती एकटीच नाही, डॉक्टर तपासतो, पौष्टिक खायला द्या म्हणतो आणि पुढच्या पेशंटला बोलावतो. सेइता ओरडतो की पौष्टिक आणू कुठून. त्या प्रश्नाला अख्ख्या सिनेमात कुणी उत्तर देत नाही.

ताकाहाताला ही चर्चा होणार हे 1988 मधेच दिसत होतं. तो तेव्हा म्हणाला होता की आत्ता लोकांना सेइताची बाजू पटतेय, पण काळ परत उलटा फिरला तर मावशीपेक्षाही कडक शब्दांत सेइताला दोष देणारे लोकच जास्त होतील, आणि त्याची मला भीती वाटते. आज 'सेइता माजुरडा होता' ला मिळणारे लाईक बघितले की मला तेच आठवतं. चौदा वर्षांच्या पोराने अपमान गिळून जुळवून घ्यायला हवं होतं हे आपण किती सहज बोलतो, आणि मोठ्या माणसांच्या त्या अख्ख्या गावाकडून आपली अपेक्षा शून्य.

जपान बिचारा दाखवलाय या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारणार नाही. चीन, कोरियात जपानी सैन्याने काय केलं याचा सिनेमात उल्लेख नाही आणि तिथल्या प्रेक्षकाला ते खटकलं तर त्याचं बरोबर आहे. पण सिनेमा जपानला धुतल्या तांदळासारखं दाखवतो हे मात्र खोटं. सेइताचा सगळा तोरा आलाय कुठून? वडील नौदलाचे अधिकारी, युद्धनौकांची रोषणाई बघितलेला मुलगा, बाबा येतील आणि सगळ्यांना धडा शिकवतील हे त्याच्या डोक्यात पक्कं. बँकेत तीन हजार येन काढायला जातो तेव्हा त्याला कळतं की जपान शरण गेला, आरमार बुडालं. तिथे तो वेड्यासारखा ओरडतो, कारण त्याला आयुष्यभर जे सांगितलं होतं ते सगळं खोटं निघालं. कुणापुढे वाकायचं नाही, मदत मागायची नाही, हे त्याला त्याच देशाने शिकवलेलं आणि त्याची किंमत बहिणीने दिली. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचा असताना ओकायामावरच्या हल्ल्यातून जीव वाचवून पळालेला, तरी तो सांगत राहिला की ही युद्धविरोधी फिल्म म्हणून बघू नका. ते का म्हणाला ते या बँकेच्या सीनमधे कळतं असं मला वाटतं. बॉम्ब टाकणाऱ्याला दोष देऊन मोकळं व्हायची सोय त्याला आपल्याला द्यायची नव्हती.

राहिलं 'एकदाच बघवतो'. सिनेमाच्या नावात 'काजवा' हा शब्द जपानीत नेहमीच्या चिन्हाने लिहिलेला नाही, 'आग' आणि 'ओघळणं' अशा चिन्हांनी लिहिलाय, म्हणजे काजव्यांसोबत वरून ओघळणारे आगीचे बॉम्बही त्याच नावात. असल्या गोष्टी पहिल्या वेळी दिसत नाहीत, कारण पहिल्या वेळी आपण फक्त ती मुलगी वाचते का बघत असतो, ती वाचणार नाही हे माहिती असूनही.

फळांच्या गोळ्यांचा तो पत्र्याचा डबा घ्या. आधी त्यात गोळ्या असतात आणि सेत्सुको एकेक पुरवून खाते. गोळ्या संपतात तेव्हा सेइता आत पाणी घालून हलवतो आणि ती पिऊन सांगते, सगळ्या चवी एकदम लागतायत, द्राक्ष, स्ट्रॉबेरी, सगळ्या. नंतर एकदा ती तोंडात काहीतरी चघळत असते, गोळी नसते, खेळायची काच असते. आणि शेवटी त्या डब्यात तिची हाडं.

आता परत सुरुवातीला जा. स्टेशनवर सेइता मेलाय, सफाईवाला त्याच्याजवळचा एक गंजका डबा उचलतो, हलवून बघतो, काहीतरी वाजतं, झाकण निघत नाही, आणि तो डबा बाहेर अंधारात गवतात भिरकावून देतो. पहिल्यांदा बघताना तो नुसता एक डबा असतो.