वायफाय, वरण आणि घड्याळवाला

आमचा लॅपटॉप २०११चा, बॅटरी केव्हाच गेलीये, चार्जर निघाला की जागीच जीव सोडतो, पण चालतोय ना मग राहू दे म्हणून ठेवलेला. घरी फायबर आलं, नवीन राउटर लागला, सगळ्यांच्या मोबाईलला फुल रेंज आणि लॅपटॉपला अख्ख्या सोसायटीची नेटवर्कं दिसतायत, आमचं सोडून! कनेक्शन जोडायला आलेला पोरगा म्हणाला, "सर, नवीनच घेऊन टाका." म्हणजे कांदा चिरताना रडू येतं तर कांदा खाऊच नका.

झालं होतं असं की स्पीड भारी दिसावा म्हणून त्याने वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांपैकी फक्त ५ चालू ठेवलेलं, आणि लॅपटॉपमधल्या आमच्या म्हाताऱ्या वायफाय कार्डाला २.४च्या पलीकडचं ऐकूच येत नाही. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरच्या सेटिंगचा पत्ता उघडा, राउटर उलटा करून स्टिकरवरचा मुंगीएवढा पासवर्ड वाचा, २.४ चालू करा. नाव दिसलं, तरी जोडेना! कारण सिक्युरिटी डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या कुलपाची नवी पद्धत, ती आली २०१८ला, ह्याला कुठून माहीत असणार, जुनी डब्ल्यूपीए२ केली आणि एकदाचं लागलं.

तर रोज जेवणाच्या वेळी नेट गायब. बाबांचं म्हणणं राहुकाळ. निघाला मायक्रोवेव्ह, तोही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, म्हणजे आई वरण गरम करणार आणि माझी मीटिंग गोठणार. राउटरचा चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातली त्याची जागा, ११वरून १वर आणला तेव्हा बराच फरक पडला. (आईला सांगून बघितलं होतं, "मग गारच गिळा" असं उत्तर आलं, विषय संपला.)

आणि मग एक दिवस लाइट गेली, आली, वायफाय कनेक्टेड, सगळ्या कांड्या फुल, पण एकही साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी "कनेक्शन सुरक्षित नाही". राउटर बंद-चालू केला, वायफाय कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला, शेवटी कोपऱ्यात नजर गेली तर तारीख १ जानेवारी २००९! मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल मेलेला, त्यामुळे लाइट गेली की लॅपटॉप भूतकाळात, आणि साइट खरी असल्याची आजची सर्टिफिकेटं त्याच्या हिशोबाने अजून जन्मालाच आलेली नाहीत.

सेल म्हणजे साधा बटण सेल, २०३२ नंबरचा. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. त्याने पुडी हातात दिली आणि विचारलं, "कुठल्या घड्याळाला?" मी म्हटलं, "वायफायला." त्याने पैसे आधी मागितले.