अंगावरून पांढरं जाणं: आमच्या घरातला अनुभव
पांढरं जाण्याने, म्हणजे योनीतून पांढरा स्राव होण्याने, हाडं झिजत नाहीत, हे तुम्ही या विषयावरच्या तुमच्या लेखात स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. इंदूरला रामबागेत आमच्या घरी आजी मात्र हाडं झिजतात असंच सांगायची आणि शेजारच्या काकू ‘सफेद पानी’ म्हणत मेथीचे लाडू आणून द्यायच्या. लाडू चांगलेच होते, पण त्यांनी माझ्या वहिनीची खाज कशी थांबणार?

तिला घसा दुखतो म्हणून अँटिबायोटिक दिलं होतं. आठवड्याभरात दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट पांढरं जायला लागलं, आग आग व्हायची. ती बिचारी दिवसातून तीनदा साबणाने आतून धुवायची. डॉक्टरीणबाईंनी आधी तेच बंद करायला लावलं. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू असतात, त्यांच्यामुळे तिथलं पीएच (आम्लतेचं माप) साधारण ३.८ ते ४.५ राहतं. अँटिबायोटिकने हे जिवाणू मारले जातात, मग बुरशी फोफावते. साबणानेही हे संतुलन बिघडतं. वहिनीची साखरही तपासली, कारण मधुमेहात हा त्रास पुन्हापुन्हा होतो.

एक भर घालते. राखाडी, पातळ आणि माशासारखा वास असेल तर ती बुरशी नसते, औषध वेगळं लागतं. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास हा शरीरसंबंधातून पसरणारा परजीवी असू शकतो, त्यात नवऱ्यानेही औषध घ्यायलाच हवं. इथेच घरोघरी अडतं. आणि पाळी कायमची गेल्यावर रक्ताळलेलं काही दिसलं तर, मैत्रिणींनो, एक दिवसही थांबू नका.

पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं जातं, ते अगदी नॉर्मल. माझ्या लेकीला मी हे बाराव्या वर्षीच सांगितलं.