कागद वाचणारा कसला पायलट? अन् न वाचणारा?

आमच्या नागपूरच्या एका ग्रुपवर तीन दिवसांपासून एक फॉरवर्ड फिरून राह्यलाय. म्हणे खऱ्या पायलटला चेकलिस्ट, म्हणजे उडायच्या आधी तपासायच्या गोष्टींची यादी, लागत नाही, सगळं पाठ असतं. सेस्नासारख्या छोट्या विमानात तपासायला असतंच काय. आणि हवेत इंजिन बंद पडलं तर कागद शोधत बसणार काय? खाली अंगठ्यांची रांग. मी अजून शिकाऊ पायलटच, उड्डाणाचे तास फार नाहीत, पण गप्प बसवेना.

पाठ असतं, हो ना बाप्पा, असतंच, अन् गडबड तिथंच आहे. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९, तेच जे पुढे बी-१७ झालं, उडाल्या उडाल्या पडलं. चालवणारे मेजर हिल म्हणजे लष्कराचे मुरलेले टेस्ट पायलट. कंट्रोलचं लॉक, म्हणजे उभ्या विमानाचे कंट्रोल वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावतात ते, काढायचं राहून गेलं होतं, बस एवढंच. चेकलिस्टची सवय लागली ती त्यानंतर. जुनी गोष्ट म्हणून सोडायची असेल तर २०१४ चं घ्या, अमेरिकेतच बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट लॉक लागलेलं असतानाच टेकऑफला पळवलं, सात माणसं गेली, आणि रेकॉर्डर पाह्यला तर त्याआधीच्या १७५ टेकऑफपैकी ९८ टक्के वेळा त्या क्रूनं कंट्रोल पूर्ण हलवून पाहायची चेक केलीच नव्हती. त्यांना काय पाठ नव्हतं?

आता छोटं विमान. हेच लॉक सेस्ना १७२ मध्येही असतं, योकच्या, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगच्या, दांड्यात घालायची एक साधी पिन. आणि माझंच सांगतो. मे महिना, सकाळी नऊलाच कॉकपिटचा तवा झालेला, कधी एकदा प्रोपेलरची हवा लागते असं झालेलं. पार्किंगला उतार होता म्हणून आदल्या दिवशी कोणीतरी फ्यूएल सिलेक्टर, म्हणजे कोणत्या टाकीतलं इंधन घ्यायचं ते ठरवणारा खटका, लेफ्टवर ठेवला होता, इकडच्या टाकीतलं तिकडं जाऊ नये म्हणून ठेवतात तसा. मी मांडीवरचं लॅमिनेटेड कार्ड ठणठणीत आवाजात वाचलं, ‘फ्यूएल सिलेक्टर, बोथ’, म्हणजे दोन्ही टाक्या. शिकवणारे सर म्हणाले, "काय वाचलं?" मी परत तेच म्हटलं. "आणि काटा कुठंय?" खाली पाह्यलं तर लेफ्टवर! म्हणजे नुसतं वाचूनही भागत नाही, डोळा आणि बोट त्या वस्तूवर पाहिजे, हे मी मान्य करतो. पण कार्ड नसतं तर सरांनी विचारलं तरी काय असतं?

इंजिन बंद पडायचा मुद्दा अर्धवट ऐकून लिहिलाय. कोणीच कागदापासून सुरुवात करत नाही. जुन्या १७२ ला आधी ६५ नॉटचा ग्लाइड, म्हणजे इंजिनाविना तरंगत उतरायचा वेग, पकडायचा, उतरायला शेत हेरायचं, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी नॉब), सिलेक्टर, मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), मॅग्नेटो (स्पार्क देणारे), हे सगळं तोंडपाठच पाहिजे, झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. मग उंची असेल तर कार्ड, घाईत काय सुटलं ते पाहायला. जमिनीपासून ३००० फूट वर असाल तर चारेक मिनिटं मिळतात, तेवढ्यात दहा ओळींवरून बोट आरामात फिरतं. हजाराच्या खाली असाल तर कार्ड मांडीवरच राहू द्या अन् विमान उडवा. एवढा साधा फरक आहे, काहून गोंधळ घालता राजेहो?

खरी भीती वेगळीच आहे, ती त्या फॉरवर्डवाल्याला सुचलीच नाही. सीनियरकडून झेरॉक्स मारून घेतलेलं कार्ड. सेस्ना १५२ चा ग्लाइड ६० नॉटचा, तिच्यात फ्यूएल फक्त ऑन किंवा ऑफ, बोथ नावाचा प्रकारच नाही. १७२ एस या नव्या मॉडेलला ६८, आणि इंजिन फ्यूएल इंजेक्शनचं म्हणून कार्ब हीटची नॉबच नसते. दुसऱ्या मॉडेलचं कार्ड घेऊन बसलेला पोरगा ऐन वेळी नसलेली नॉब शोधत बसेल. फॉरवर्डवाल्या भाऊंनी हे लिहिलं असतं तर पहिला अंगठा माझा असता.